फास्टिंग शुगर उतरत नाही? आधी घोरण्याबद्दल बोला

रात्रीचं जेवण हलकं, गोळ्या वेळेवर, सकाळचं चालणंही सुरू. तरी उपाशीपोटीची साखर १६०-१७० च्या खाली येत नाही. असा रिपोर्ट समोर आला की आम्ही डॉक्टर मंडळी काय करतो? एक गोळी वाढवतो. मीही बरीच वर्षं तेच केलं, आणि निदान एका रुग्णाच्या बाबतीत ते चुकलं हे मला इथे कबूल करायचं आहे.

हे गृहस्थ वय वर्षे बावन्न, स्वतःचा मालवाहू टेम्पो चालवणारे. मधुमेह आठ वर्षांपासून, रक्तदाबाच्या दोन गोळ्या. दोन वर्षांत मी त्यांची मधुमेहाची औषधं तीनदा वाढवली. रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात म्हणाले, तर मी ते साखरेच्या खात्यात टाकलं. एकदा त्यांची पत्नी सोबत आली. जाता जाता दारात थांबून म्हणाली, "डॉक्टर, हे घोरतात त्याची मला सवय झालीय हो. पण मधेच आवाज बंद होतो ना, तेव्हा मी उठून बसते. श्वास सुरू झाला की मगच परत आडवी होते."

ही बाई कित्येक वर्षं रात्री नवऱ्याचे श्वास मोजत होती आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. स्लीप स्टडीत तासाला ४१ वेळा श्वास अडकत असल्याचं दिसलं. तासाला पाचपेक्षा कमी म्हणजे ठीक आणि तीसच्या वर म्हणजे तीव्र, यावरून काय ते समजा.

आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप. 'घोडे विकून झोपलाय' म्हणून आपण कौतुकही करतो. प्रत्यक्षात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बुजते, रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू घाबरून शरीराला जागं करतो. माणसाला हे आठवत नाही, शरीराला मात्र प्रत्येक वेळी धक्का बसतो. ताणाची संप्रेरकं वाढतात, यकृत रक्तात साखर सोडतं, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. न खातापिता सकाळी साखर वाढलेली सापडण्यामागे हेही एक कारण असू शकतं. लघवीचंही तसंच. बंद वाटेतून श्वास ओढताना छातीतला दाब बदलतो, हृदयावर ताण येतो आणि हृदय जास्त लघवी करवणारं संप्रेरक सोडतं. म्हणजे प्रत्येक वेळी दोष साखरेचा किंवा प्रोस्टेटचाच असतो असं नाही.

हे काही दुर्मीळ प्रकरण नाही. लठ्ठपणा आणि टाइप २ मधुमेह दोन्ही असलेल्यांचा एक अमेरिकन अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८६ टक्के लोकांना कमी-अधिक स्लीप अ‍ॅप्निया निघाला. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००८ मध्येच सांगितलं होतं की मधुमेही रुग्णात हा आजार शोधा. आपण डोळे तपासतो, पाय तपासतो, किडनीसाठी लघवी तपासतो. झोपेबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. आणि तुम्ही जाड नाही म्हणून सुटलात असंही समजू नका. हनुवटी मागे असलेल्या सडपातळ माणसांतही हा आजार सापडतो. पाळी गेल्यावर बायकांमध्येही तो वाढतो, फक्त बायका घोरण्याचं सांगायला लाजतात आणि 'थकवा येतो' एवढंच म्हणतात.

आता उपचाराविषयी, कारण खरा घोळ इथेच होतो. सीपॅप म्हणजे नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र. "हे लावा, शुगर उतरेल" असं सांगून ते विकलं जातं, आणि मला हे पटत नाही. ब्रिटनमध्ये २००७ साली ४२ मधुमेही पुरुषांवर झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी झोपाळूपणा कमी झाला, पण एचबीए१सी हललं नाही. स्पेनमधल्या २०१६ च्या चाचणीत सहा महिन्यांनी ते सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरलं. म्हणजे साखरेला फायदा झाला तर थोडा, आणि तोही प्रत्येकाला नाही. मग होतं असं की तीस-चाळीस हजारांचं यंत्र घेतलेला माणूस तीन महिन्यांनी रिपोर्ट बघतो, "काही उपयोग नाही" म्हणतो आणि यंत्र माळ्यावर जातं. त्याला सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, की हे यंत्र तुमच्या श्वासासाठी आहे, दिवसा जागं राहण्यासाठी आहे. रक्तदाबालाही त्याची थोडी मदत होते. साखर उतरली तर तो वरचा लाभ.

आणखी एक गोष्ट. बरेच जण अकराला मास्क लावतात आणि तीनला काढून ठेवतात. स्वप्नांची झोप बहुतेक पहाटेकडे असते, आणि नेमकी त्याच झोपेत घशाचे स्नायू सर्वांत ढिले पडतात. चार तास मास्क लावून 'करतोय की' म्हणणाऱ्याचा पहाटेचा त्रास तसाच राहतो. मास्क टोचत असेल, नाक कोरडं पडत असेल तर मास्क बदलता येतो, दमटपणा वाढवता येतो. विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने मिळतो का तेही विचारा.

वजन उतरवणं हा मात्र साखर आणि श्वास दोन्हींवरचा इलाज. सध्या टिर्झेपेटाइडच्या इंजेक्शनची चर्चा आहे. त्याने अ‍ॅप्निया बराच कमी झाल्याचं २०२४ मध्ये दिसलं, पण त्या चाचण्यांत मधुमेही रुग्ण घेतलेच नव्हते, आणि मधुमेह असलेल्यांचं वजन या औषधाने इतरांपेक्षा कमी उतरतं. तेव्हा इंजेक्शन सुरू केलं म्हणून मास्क परस्पर काढू नका. रात्रीची दारू आणि स्वतःच्या मनाने घेतलेली झोपेची गोळी मात्र आजच बंद करा. नियमित लिहून दिलेली गोळी असेल तर ती डॉक्टरांना विचारून.

पुढच्या भेटीला शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या. घोरता का, श्वास थांबतो का, सकाळी डोकं दुखतं का, सिग्नलला गाडी थांबली की डुलकी लागते का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. शर्टाची कॉलर चाळीस सेंटिमीटरच्या वर असेल तर तेही सांगा.

आमच्या टेम्पोवाल्यांना उपचार बसेपर्यंत गाडी चालवू नका म्हटलं, तेव्हा ते चिडले होते. "पोट कुणी भरायचं?" त्यांनी दोन महिने पुतण्याला गाडीवर बसवलं. आता एचबीए१सी ८.६ चं ८.३ झालंय, म्हणजे फारसं काही नाही. गोळ्यांचं काम अजून बाकी आहे. लघवीला एकदाच उठतात. गेल्या वेळी दोघं आले तेव्हा वहिनी म्हणाल्या, आता यंत्राचा आवाज येत नसेल तरच जाग येते.