3 चाकं, 3 हजार किलोमीटर आणि दानाचा हिशेब: 'रिक्षा रन'कडे कसं बघायचं?

गेल्या आठवड्यात आमच्या डिजिटल डेस्कवर एक रील आलं. वाघाचे पट्टे रंगवलेली ऑटोरिक्षा, हँडलवर एक परदेशी तरुण, मागे त्याचे दोन मित्र, टपावर दोरीने बांधलेल्या बॅगा. समोर ट्रक, बाजूला ट्रक आणि यांचा हॉर्न सुरूच. खाली कमेंट दोन प्रकारच्या होत्या. 'काय धाडस आहे!' ही एक आणि 'आपल्या रस्त्यांचा तमाशा केलाय' ही दुसरी.

मी ते रील मामाला पाठवलं. मामा 24 वर्षं पुण्यात रिक्षा चालवतो. त्याने दोनदा बघितलं आणि फोन केला. "टपावर एवढं सामान? घाट उतरताना कळेल त्यांना."

तिसऱ्या प्रकारची ही कमेंट रीलखाली कुणीच केली नव्हती. म्हणून हा लेख.

हा प्रकार नेमका काय आहे?

'द अॅडव्हेंचरिस्ट्स' नावाची एक ब्रिटिश कंपनी आहे. टॉम मॉर्गन यांनी ती सुरू केली. युरोपातून मंगोलियापर्यंत जुन्यापुराण्या गाड्या नेणारी 'मंगोल रॅली' ही त्यांची आधीची ओळख. 2006 पासून ते भारतात 'रिक्षा रन' भरवतात. जैसलमेर, कोची आणि शिलाँग ही त्याची ठरलेली टोकं. एका टोकाहून निघायचं, दुसऱ्या टोकाला पोहोचायचं. मधला रस्ता ज्याने त्याने शोधायचा. सोबत मदतीची गाडी नसते, बंद पडलात तर तुमचं तुम्ही बघा. अंतर साधारण 3 हजार किलोमीटर किंवा त्याहून जास्त आणि वेळ साधारण दोन आठवडे.

ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो. बहुतेक जण दोघा-तिघांच्या टीमने येतात आणि निघण्याआधी रिक्षा मनासारखी रंगवून घेतात. जैसलमेरहून कोचीला जाणाऱ्या काही टीम गुजरातमार्गे आपल्याकडे उतरतात. मुंबई-गोवा महामार्गावर अशी रंगीत रिक्षा दिसली, तर ती बहुधा यांचीच.

कायद्याचं काय? रिक्षाचं परमिट असतं ते भाड्याने प्रवासी नेण्यासाठी. हे लोक भाडं घेत नाहीत. पण लायसन्स लागतंच, परदेशी चालकांना आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट लागतं. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर तीनचाकींना बंदी आहे. म्हणजे वाट उरते ती जुन्या महामार्गांची, गावांमधून, बाजारांमधून, शाळांसमोरून जाणारी.

रिक्षाच का?

कारण ती या कामासाठी बनलेलीच नाही. आयोजकांचा जाहिरातीचा सूरही तोच आहे: लांब पल्ल्याला सर्वांत अयोग्य गाडी घ्या, म्हणजे गंमत आपोआप येईल.

इंजिनीअरिंगच्या भाषेत बघू. रिक्षाच्या इंजिनाची ताकद साधारण 7 ते 10 अश्वशक्ती, म्हणजे तुमच्या 110 सीसी स्कूटरच्या आसपास. त्यावर तीन माणसं, सामान आणि पत्र्याची बॉडी. सपाट रस्त्यावर ती 50 च्या थोडी पुढे जाते. खड्डे, चहा, चुकलेले रस्ते धरून सरासरी 35 पडली, तर रोज सव्वादोनशे किलोमीटरसाठी सहा-साडेसहा तास हँडलवर जातात.

आता तिपाई डोळ्यांसमोर आणा. तीन पायांच्या टोकांना जोडणारा त्रिकोण काढला, तर वजनाचा तोल त्या त्रिकोणाच्या आत असेपर्यंत ती उभी राहते. रिक्षाचा त्रिकोण मागे रुंद आणि पुढे टोकदार. ब्रेक दाबला की वजन पुढे, म्हणजे अरुंद टोकाकडे सरकतं. त्याच वेळी वळण घेतलं, तर ते बाहेरच्या बाजूलाही सरकतं. टपावर बॅगा असतील तर तोल आधीच वर गेलेला असतो. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आतलं चाक उचललं जातं.

मामाला यातलं एकही सूत्र माहीत नाही. त्याचा नियम साधा आहे: "ब्रेक वळणाच्या आधी. वळणात नाही." हा नियम तो कसा शिकला, ते मला माहीत आहे. मी सातवीत असताना आम्ही त्याच्या रिक्षातून जेजुरीला गेलो होतो. येताना दिवे घाटात ब्रेक तापले आणि पेडल सैल लागायला लागलं. त्याने गिअर खाली आणून इंजिनाच्या जोरावर रिक्षा धरली, कडेला घेतली आणि आम्हाला खाली उतरवलं. पाऊण तास आम्ही दगडावर बसून चिरमुरे खात होतो. आमच्यासाठी ती सहल होती. त्याचे हात थरथरत होते, हे मला बऱ्याच वर्षांनी आईने सांगितलं.

पैसा जातो कुठे?

अशा कोणत्याही 'चॅरिटी ट्रिप'मध्ये पैशाचे तीन खिसे असतात. बातम्यांमध्ये ते नेहमी एकत्र मोजले जातात. म्हणून वेगळे करून बघू.

पहिला खिसा प्रवेश शुल्काचा. ते कंपनीला जातं आणि त्यातून रिक्षा, कागदपत्रं, आयोजन होतं. हा व्यवसाय आहे, दान नाही. त्यात गैर काही नाही.

दुसरा खिसा प्रवास खर्चाचा. विमानाचं तिकीट, पेट्रोल, लॉज, ढाबा, गॅरेज. यातला काही पैसा रस्त्यालगतच्या माणसांना मिळतो.

तिसरा खिसा खऱ्या देणगीचा. प्रत्येक टीमने किमान 1 हजार पौंड, म्हणजे लाखाहून अधिक रुपये गोळा करावेत, अशी आयोजकांची अपेक्षा असते. त्यातला अर्धा वाटा 'कूल अर्थ' या ब्रिटिश संस्थेला जातो, उरलेला टीमच्या पसंतीच्या संस्थेला. 'कूल अर्थ' पेरू, पापुआ न्यू गिनी अशा ठिकाणी वर्षावनांत राहणाऱ्या समुदायांसोबत काम करते. काम मोलाचं आहे. पण रस्ता आपला, रिक्षा आपली आणि देणगीचा ठरलेला वाटा तिसऱ्याच खंडातल्या जंगलाला, हे आपल्याकडच्या अनेकांना माहीत नसतं.

तुलनेसाठी एक गंमत म्हणून मीटर टाकून बघू. मुंबईत 1 फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचा दर किलोमीटरला 17.14 रुपये आहे. त्या दराने 3 हजार किलोमीटरचं भाडं होतं साधारण 51 हजार. म्हणजे एका टीमची किमान देणगी मीटरच्या दुप्पट भरते. रक्कम छोटी नाही.

मग आक्षेप कशाला?

परदेशी लोक आले, हा आक्षेप नाही. एसी बसच्या काचेतून देश बघण्यापेक्षा रिक्षातून बघणं कधीही चांगलं. काही भारतीयही अशा सफरी करतात. हैदराबादचे इंजिनीअर नवीन राबेल्ली यांनी 2016 मध्ये सौरऊर्जेवर चालणारी 'तेजस' ही रिक्षा बेंगळुरूहून निघून लंडनपर्यंत नेली. समुद्राचा टप्पा जहाजाने पार केला आणि इराणपासून युरोपपर्यंत ती रस्त्याने चालवली. 2006 मध्ये जो हक्स्टर आणि अँटोनिया बोलिंगब्रोक-केंट या दोन ब्रिटिश मैत्रिणींनी गुलाबी टुकटुक बँकॉकहून ब्राइटनला नेली. 12 देश, 20 हजार किलोमीटरहून जास्त. देणगी एका मानसिक आरोग्य संस्थेसाठी. या दोन्ही सफरींत वाहन आणि उद्देश यांची सांगड आधीच ठरलेली होती.

माझा आक्षेप एवढाच, की 'रिक्षा रन'च्या हिशेबात जोखीम कुणाची, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 लोक गेले. त्यातला जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. आठवडाभरापूर्वी पहिल्यांदा रिक्षा हाती घेतलेला माणूस त्याच रस्त्यावर येतो, तेव्हा धाडसाचा निर्णय त्याचा असतो. साकव ओलांडणाऱ्या शाळकरी मुलीने मात्र तो घेतलेला नसतो. आणि रात्री 11 वाजता तुटलेली क्लच केबल बदलून देणारा मेकॅनिक रीलमध्ये 'अतुल्य भारत' म्हणून हसताना दिसतो. देणगीच्या पावतीत मात्र तो दिसत नाही.

मामाची रिक्षा रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर पळते. म्हणजे 3 हजार किलोमीटर महिन्याभरात होतात. पुणे न सोडता तो दर महिन्याला एक 'रिक्षा रन' करतो. त्यासाठी त्याला कंबरेचा पट्टा आणि दोन गोळ्या लागतात. ज्या गाडीला दोन आठवड्यांसाठी 'सर्वांत अयोग्य' म्हणून हसायचं, तीच लाखो घरांचं पोट आहे. या रिक्षांचा मोठा वाटा महाराष्ट्रातच बनतो: बजाजचा वाळूजला, पियाजिओचा बारामतीला.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. या सफरी बंद करू नका. पण ठरलेल्या देणगीतला एक वाटा त्याच रस्त्यासाठी राखून ठेवा. रिक्षाचालकांची डोळे आणि पाठीची तपासणी, महामार्गालगतच्या गावांत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, शाळेसमोर सुरक्षित रस्ता ओलांडण्याची सोय. आणि निघण्याआधी प्रत्येक चालकाला स्थानिक रिक्षाचालकाकडून, मोबदला देऊन, घाटाचं प्रशिक्षण. त्यात टपावर सामान न बांधणं हा पहिला धडा.

'इथेच पैसे देऊन टाका' एवढं सोपं आहे का?

नाही. परदेशातून आलेली देणगी घेण्यासाठी भारतीय संस्थेला परदेशी योगदान नियमन कायदा 2010, म्हणजेच एफसीआरएखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर हे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. त्यामुळे कोण्या टीमने भावनेच्या भरात गावातल्या मंडळाला पौंड पाठवले, तर अडचणीत मंडळ येईल. पण नोंदणी असलेल्या, आरोग्य आणि रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. आधी ठरवलं तर हे जमण्यासारखं आहे.

तुमच्या फोनवर अशी लिंक आली तर?

आता कॉलेजचे ग्रुप, सायकल क्लब, बायकर मंडळीही 'चॅरिटी राइड' काढतात. पैसे पाठवण्याआधी चार गोष्टी विचारा.

1. माझे पैसे प्रवास खर्चात जाणार की थेट संस्थेला? 'दोन्ही' असं उत्तर आलं, तर प्रमाण विचारा.

2. संस्थेचं नाव काय? 80जी नोंदणी आहे का? खातं संस्थेच्या नावावर आहे की आयोजकाच्या वैयक्तिक यूपीआयवर?

3. पावती कोण देणार? 2 हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली, तर 80जीची वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट नाहीच.

4. सफर संपल्यावर किती जमा झाले आणि कुठे गेले, हे कुठे वाचायला मिळेल?

उत्तरं मिळाली तर जरूर द्या. नाही मिळाली तर रील लाइक करा आणि पुढे जा.

हे सगळं लिहून झाल्यावर मी मामाला विचारलं, त्या पोरांना भेटलास तर काय सांगशील? त्याने जरा विचार केला. "आधी बॅगा खाली घ्यायला लावेन. मग चहा पाजेन. आणि दिवे घाटात त्यांची रिक्षा मीच उतरवून देईन."

"फुकट?"

"मीटरने," तो म्हणाला.