अधिवेशनाची नोटीस कोण काढतो?

संघटनेची घटना वाचून संघटना कळत नाही. घटनेत सगळ्यांच्याच लोकशाही असते. ‘सर्वोच्च अधिकार सभासदांचा’ हे वाक्य नसलेली घटना आम्ही अजून पाहिलेली नाही. पण हे सभासद एकत्र कधी बसणार, त्यांना बोलावणार कोण, आणि बोलावलंच नाही तर काय, एवढं विचारलं की भल्याभल्यांची पंचाईत होते. आम्ही ज्या संघटनेत उमेदवारी केली तिथे चार वर्षं सर्वसाधारण सभा झाली नाही. नोटीस काढायचा अधिकार सरचिटणीसांचा, आणि सरचिटणीसांना सभा नको होती. एवढंच कारण. आम्ही तरुण पोरं चिडून बाहेर पडलो, नवं नाव घेतलं, नवं लेटरहेड छापलं. आज त्या नव्या संघटनेतही सभा होत नाही.

या दुखण्याचा विचार करताना मेक्सिकोतल्या शिक्षकांचा अनुभव आम्हाला फार जवळचा वाटला. तिथली राष्ट्रीय शिक्षण कामगार युनियन 1943 साली स्थापन झाली. वेगवेगळ्या शिक्षक संघटना एकत्र आणून सरकारच्या आशीर्वादाने ही एकच युनियन उभी राहिली. शिक्षक, शाळेतले शिपाई, कारकून, सगळे तिच्यात. सभासद दहा लाखांहून जास्त. लॅटिन अमेरिकेतली सर्वांत मोठी युनियन म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

कागदावर तिची रचना देखणी आहे. शाळा किंवा काही शाळांचा गट मिळून एक प्राथमिक घटक, त्यावर राज्याची शाखा, प्रत्येक शाखेला क्रमांक, आणि सर्वांत वर राष्ट्रीय अधिवेशन व राष्ट्रीय कार्यकारिणी. घटकातून प्रतिनिधी निवडायचे, प्रतिनिधींनी शाखेच्या अधिवेशनात शाखेची कमिटी निवडायची. आता यातल्या चाव्या कुणाकडे होत्या ते पाहा. शाखेचं अधिवेशन भरवण्याची नोटीस राष्ट्रीय कार्यकारिणीने काढायची. तिची नोटीस नसेल तर अधिवेशन बेकायदा, निवडलेली कमिटीही बेकायदा. वर्गणी पगाराच्या 1 टक्का, ती सरकार पगारातूनच कापून युनियनच्या खात्यात भरणार. म्हणजे नेत्याला वर्गणीसाठी सभासदाच्या दारात जाण्याची गरजच नाही. भरीला कायदा असा की सरकारी कर्मचाऱ्यांची एका खात्यात एकच युनियन. दुसरी काढायची सोय नाही. हा नियम घटनाबाह्य आहे असं तिथलं सर्वोच्च न्यायालय स्पष्टपणे म्हणालं ते 1999 साली.

अशा व्यवस्थेतून जे पीक येतं तेच आलं. 1972 मध्ये कार्लोस होंगितुद बारियोस यांच्या गटाने युनियनच्या मुख्यालयाचा ताबा घेतला, राष्ट्राध्यक्षांची त्याला मूक संमती होती. पुढची सतरा वर्षं युनियन त्यांच्या मुठीत राहिली. सरचिटणीस पदावर बहुतेक काळ दुसरेच बसत, पण हुकूम त्यांचा. ते स्वतः सत्ताधारी पक्षाकडून राज्याचे गव्हर्नर झाले. शिक्षकाची नेमणूक, बदली, बढती, घरासाठी कर्ज, सगळं युनियनच्या माणसाच्या शिफारशीवर. शिक्षकाची नोकरी विकली जाई, वारसाने मुलाला दिली जाई. (अनुदानित शाळांत नोकरीला लागलेल्या आमच्या वाचकांना इथे जास्त समजावून सांगायची गरज नाही.)

1979 मध्ये चियापास आणि तबास्को या दक्षिणेकडच्या राज्यांत खनिज तेलाच्या धंद्यामुळे महागाई भडकली. शिक्षक महागाईपोटी जादा पगार मागू लागले आणि त्यांच्या लक्षात आलं की मध्ये भिंत आपल्याच युनियनची आहे. त्या डिसेंबरात तुश्तला गुत्येरेस शहरात त्यांनी राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन केली. ही समिती म्हणजे नवी युनियन नव्हे. आहे त्याच युनियनमध्ये राहून शाखा जिंकायच्या हा तिचा मार्ग. यात निव्वळ शहाणपण होतं असं आम्ही म्हणणार नाही, कायद्याने दुसरी वाट बंदच होती. पण बंद वाटेचाही उपयोग झाला. बाहेर पडून वेगळी चूल मांडता येत नाही म्हटल्यावर शिक्षकांना घरातल्याच चुलीसाठी भांडावं लागलं.

आणि पगाराच्या जोडीने त्यांची मागणी कोणती होती? शाखेच्या अधिवेशनाची नोटीस काढा! तेवढ्या एका कागदासाठी संप झाले, राजधानीवर मोर्चे गेले, रस्त्यावर तंबू पडले. समितीचे कार्यकर्ते मिसाएल नुन्येस अकोस्ता यांना जानेवारी 1981 मध्ये गोळ्या घालून मारलं. चियापासच्या शाखेचं अधिवेशन 1981 मध्ये पदरात पडलं, वाहाका राज्याच्या शाखा क्रमांक 22 चं 1982 मध्ये. दोन्ही ठिकाणी समन्वय समितीचे लोक निवडून आले. मुदत संपल्यावर, 1985 मध्ये, वाहाकाच्या पुढच्या अधिवेशनाची नोटीसच निघाली नाही. ती निघाली 1989 मध्ये. तोवर जुनीच कमिटी सभासदांच्या बळावर काम करत राहिली. सभासद हलले नाहीत म्हणून ती टिकली.

शाखा 22 चा कारभार मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. तिथे कमिटीच्या वर राज्यसभा आहे, म्हणजे शाळाशाळांच्या घटकांनी पाठवलेल्या प्रतिनिधींची सभा. महत्त्वाचा प्रश्न आधी खाली शाळेत जातो. तिथली चर्चा घेऊन प्रतिनिधी वर येतो आणि जे ठरवून पाठवलंय तेच बोलतो. सभा रात्र रात्र चालतात. सरकारशी वाटाघाटी करून आलेला सरचिटणीस सभेपुढे हिशेब देतो, मान्य करायचं की नाही ते सभा ठरवते. पदाधिकाऱ्याला त्याच पदावर पुन्हा उभं राहता येत नाही. मुदत संपली की खडू घेऊन वर्गात परत.

शेवटची अट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. मेक्सिकोत युनियनचं काम करणाऱ्याला शाळेतून सुटी मिळत असे आणि पगार चालू राहत असे, त्यामुळे कित्येक पुढाऱ्यांनी पुढे आयुष्यभर वर्ग पाहिलाच नाही. उद्या परत त्याच शाळेत, त्याच सहकाऱ्यांत बसायचंय हे माहीत असलेला माणूस वाटाघाटीच्या टेबलावर वेगळा वागतो.

वाहाका हे आदिवासी राज्य आहे. सोळा आदिवासी समूहांना तिथे अधिकृत मान्यता आहे, आणि 570 पैकी चारशेहून अधिक नगरपालिका पक्षांच्या निवडणुकीऐवजी गावसभेच्या परंपरेने आपले कारभारी निवडतात. शिक्षकांतही आदिवासी भाषा बोलणारे मोठ्या संख्येने. सभेत बसायची, ऐकायची, हिशेब मागायची सवय त्यांनी गावातून युनियनमध्ये आणली असं आमचं मत आहे.

याचा अर्थ शाखा 22 म्हणजे आदर्श, असं नाही. 1992 च्या करारानंतर राज्याच्या शिक्षण खात्यातल्या नेमणुकांवर तिचा ताबा आला, तो 2015 पर्यंत टिकला. त्या काळात मोर्चाला हजर राहिलात तर गुण, गुण असतील तर बदली-बढती, अशी पद्धत रुळली. म्हणजे ज्या शिफारशीविरुद्ध लढले तिचीच दुसरी आवृत्ती, फक्त वहीत नोंद ठेवून. शिवाय प्राथमिक शाळांत शिकवणाऱ्यांत बायका जास्त, तरी या शाखेची सरचिटणीस पहिल्यांदा एक स्त्री झाली ती 2022 साली. चाळीस वर्षं रात्र रात्र सभा घेणाऱ्यांना हे दिसलं नाही? घरी स्वयंपाक आणि पोरं असलेली बाई रात्री दोनपर्यंत सभेत कशी थांबणार, हा प्रश्न सभेच्या वेळापत्रकाचाही आहे. आमच्या बैठकाही रात्री नऊला सुरू होतात, हे लिहून ठेवतो.

वरच्या मजल्यावर काय चाललं होतं? 1989 च्या एप्रिलमध्ये देशभर शिक्षकांचा संप पेटला आणि होंगितुद पडले. पाडलं शिक्षकांनी, पण वारस निवडला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी. एल्बा एस्तेर गोर्दियो आल्या आणि 2013 पर्यंत राहिल्या. 2007 मध्ये त्यांची मुदत बेमुदत करण्यात आली, वृत्तपत्रं त्यांना आजीव अध्यक्ष म्हणू लागली. 2006 च्या जूनमध्ये वाहाकात संपकरी शिक्षकांवर पोलीस घातले गेले, पुढे महिनोन्‌महिने शहर पेटलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस या बाईंच्या युनियनने तिथे शाखा क्रमांक 59 काढली. शाखा जिंकता येत नाही तर शेजारी दुसरी उभी करा! फेब्रुवारी 2013 मध्ये त्यांना युनियनच्या निधीच्या अफरातफरीच्या आरोपावरून अटक झाली. 2018 मध्ये खटला रद्द होऊन त्या सुटल्या. अटक झाली ती सरकारने शिक्षकांच्या मूल्यमापनाचा कायदा रेटला तेव्हाच. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल दिलेला इशारा आपण दरवर्षी वाचतो. जो नेता वरच्यांच्या मर्जीने बसतो तो वरच्यांची मर्जी फिरली की उठतो, आणि भक्त दोन्ही वेळा टाळ्या वाजवतात.

2019 मध्ये कायदा बदलला. आता युनियनचे पदाधिकारी सभासदांनी थेट, गुप्त मतदानाने निवडायचे. समन्वय समितीतल्या अनेकांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते गुप्त मतपत्रिका आली की सभा मरते, माणूस एकटा पडतो, आणि पैसा असलेला गट प्रचारात जिंकतो. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्या सभेत हजेरीला गुण मिळतात तिथे उघड हात वर करणं किती मोकळं असतं हेही आम्हाला विचारावंसं वाटतं. आमचं मत सांगायचं तर निवड गुप्त मतदानाने व्हावी, धोरण आणि हिशेब सभेत. आणि सभेची नोटीस एका माणसाच्या खिशात नसावी. कायदा बदलल्यानंतरही युनियनचे सरचिटणीस 2024 मध्ये सत्ताधारी पक्षाकडून सिनेटवर गेलेच. समन्वय समितीचे शिक्षक मात्र 2025 च्या मे महिन्यात 2007 च्या पेन्शन कायद्याविरुद्ध राजधानीच्या मुख्य चौकात तंबू ठोकून बसले होते. जुन्या पेन्शनसाठी मार्च 2023 मध्ये संपावर गेलेल्या आपल्या शिक्षकांना ती मागणी ओळखीची वाटेल.

आमच्या नव्या संघटनेची घटना आम्ही परवा पुन्हा काढून वाचली. एक तृतीयांश सभासदांनी लेखी मागणी केली तर सरचिटणीसांनी तीस दिवसांत विशेष सभा बोलवावी, असं एक कलम आहे. कलम आम्हीच लिहिलं होतं आणि विसरलो होतो. सरचिटणीस आमच्यातलाच, चांगला मित्र आहे. सह्या घेतोय हे त्याला सर्वांत आधी सांगितलं. रविवारपर्यंत एकोणीस झाल्या, अजून बारा लागतात.