जोडे कुणाचे?

गेल्या महिन्यात शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. त्यात एका घरातून आलेले सरदारी थाटाचे चामड्याचे जोडे होते. टोके वर वळलेली, कलाबतूचे भरतकाम केलेले, आणि डावा-उजवा असा भेद नसलेले! मुले तेथून हलेनात. जोड्यांखाली आम्ही चिठ्ठी लावली होती: वस्तू, घराणे, काळ. कारागिराचा रकानाच नव्हता. तो तक्ता आम्हीच आखलेला, तेव्हा चूकही आमचीच.

टोरांटोच्या बाटा पादत्राण संग्रहालयातून हैदराबादचे निजाम सिकंदर जाह यांचे रत्नजडित जोडे २००६ साली चोरीला गेले व पुढे सापडले. बातमीत निजामाचे नाव होते, शिवणाऱ्याचे नव्हते. २०२५ साली प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मिलानमध्ये मिरवल्या. कोल्हापूरचे ऋण मान्य केले ते ओरड झाल्यावरच.

दूर कशाला? आपल्या गोव्यात वेताळाला चामड्याच्या वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. आपल्या डिचोली तालुक्यातल्या आमोणे गावीही वेताळाचे देऊळ आहे. देवाला वहाणा चालल्या, वाड्याला जोडे चालले. मात्र करणारा पिढ्यानपिढ्या पायरीखालीच उभा राहिला.

कातडे बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमवणे, आरीने नेमके टोचणे, ही विद्याच आहे. आम्ही पदवीला हिंदीतून संत रैदास शिकलो. मराठीत तेच संत रोहिदास. गुण मिळवले, पण गावातल्या चर्मकाराकडे त्याची विद्या कधी समजून घेतली नाही.

आणखी एक रकाना आम्हाला सलतो. प्रवेश अर्जातल्या ‘व्यवसाय’ या शब्दापुढे चामड्याचे काम करणारे काही पालक ‘मजुरी’ लिहितात. मुलाला वर्गात कुणी चिडवू नये, एवढाच त्यांचा हेतू. ही लाज त्यांची नव्हे, आपल्या सर्वांची आहे.

यापुढे प्रदर्शनाच्या प्रत्येक चिठ्ठीवर ‘कारागीर’ हा रकाना असेल. नाव मिळाले नाही, तर निदान ते शोधावे लागेल. विश्वस्तांना आमची विनंती, की वर्षातून एकदा पेडणे-डिचोलीतील एका कारागिराला योग्य मानधन देऊन वर्गात शिकवायला बोलवावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, त्या दिवशी ते वर्गात आले की गुरुजींसाठी उभे राहता तसेच उभे राहा.