‘नाही’ आणि ‘दिसले नाही’

स्तनाच्या कर्करोगाचे रिपोर्ट वाचताना एका ओळीपाशी मी हल्ली थबकतो. ‘एलव्हीआय : नाही’, म्हणजे लसीकावाहिन्यांत किंवा रक्तवाहिन्यांत कर्करोगाचा शिरकाव नाही. त्याच कागदावर वर गाठ चार सेंटिमीटर, ग्रेड ३, आणि गाठीचे ब्लॉक दोन! एवढ्यावर ‘नाही’ म्हणायचे धाडस होते कसे? फार तर ‘दिसले नाही’ म्हणता येईल. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्‌सच्या नमुन्यातही ‘आढळले नाही’ अशाच अर्थाचे शब्द आहेत. ठरवणे अशक्य असेल तर तसे नोंदवण्याची सोयही आहे. ती सोय वापरताना आपल्याला उगाच कमीपणा वाटतो.

एलव्हीआय ओळखायला रोझेन यांनी १९८३ साली मांडलेले निकष आजही पुरतात. गाठीच्या आत शोधू नका, कडेबाहेर शोधा. पेशींचा पुंजका पोकळीच्या आकाराला हुबेहूब जुळत असेल तर संशय घ्या. ती बहुधा ऊती आक्रसल्याने पडलेली फट असते. पोकळीला एन्डोथेलियमचे अस्तर हवे, शेजारी रक्तवाहिन्या दिसल्या तर उत्तम. मायक्रोपॅपिलरी प्रकारात मात्र भले भले फसतात: तिथे फटी खोट्या असतात आणि खरे एलव्हीआयही वारंवार असते. कोअर बायोप्सीच्या सुईने इकडेतिकडे सरकलेल्या पेशीही असाच चकवा देतात.

पण खोट्या फटींचा उगम पुष्कळदा मायक्रोस्कोपच्या कितीतरी आधी असतो. अख्खा स्तन न कापता, जेमतेम बुडेल एवढ्या फॉर्मॅलिनमध्ये बरणीत कोंबून दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये येतो. बाहेरून कडक, आत कच्चा. तासाभरात फिक्सेशन सुरू, मग ६ ते ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये, हे नियम आपण ईआर-पीआरसाठी पाठ केले. एलव्हीआयलाही तेच तारतात. सर्जनला फोन करून ‘नमुन्याला काप द्या, दहापट फॉर्मॅलिन घाला’ असे सांगणे कोणत्याही अँटिबॉडीपेक्षा स्वस्त पडते.

अँटिबॉडीबद्दल माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. डी२-४० लसीकावाहिन्या दाखवते, सीडी३१ आणि सीडी३४ रक्तवाहिन्याही. नॉटिंगहॅमच्या गटाने २००७ साली याच अँटिबॉडींनी दाखवून दिले, की स्तनाच्या कर्करोगात वाहिन्यांमधला शिरकाव जवळपास सगळा लसीकावाहिन्यांतलाच असतो. अभ्यास मोलाचा, पण म्हणून प्रत्येक केसला डी२-४० लावण्याची गरज नाही. एच अँड ईवर शंका उरली तरच लावा, आणि ती मायोएपिथेलियमलाही रंगवते हे विसरू नका. नाहीतर डीसीआयएसने भरलेली नलिका लसीकावाहिनी म्हणून रिपोर्टात जाईल.

एवढा खटाटोप कशासाठी? काखेतल्या गाठी स्वच्छ असलेल्या रुग्णासाठी. तिच्या बाबतीत एलव्हीआय हा पुनरुद्भवाचा आणि मृत्यूचा स्वतंत्र इशारा ठरतो. सेंट गॅलनच्या २००७ च्या सहमतीत गाठीभोवतीच्या विस्तृत एलव्हीआयमुळे रुग्ण कमी जोखमीच्या गटातून बाहेर पडत असे. सेंटिनल गाठ बाधित असताना उरलेल्या काखेत काय असेल, याचा अंदाज देणाऱ्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या नोमोग्राममध्येही एलव्हीआय हा एक घटक आहे. मास्टेक्टॉमीनंतर छातीला रेडिओथेरपी द्यावी का, हे तपासणाऱ्या सुप्रिमो चाचणीत दोन ते पाच सेंटिमीटरच्या, पण काख स्वच्छ असलेल्या गाठींना प्रवेश होता तो ग्रेड ३ किंवा एलव्हीआय असेल तरच.

एजेसीसीच्या आठव्या आवृत्तीने प्रॉग्नॉस्टिक स्टेजमध्ये ग्रेड, ईआर, पीआर, हर२ घेतले, एलव्हीआय घेतले नाही. ‘मग आम्ही कशाला डोळे फोडायचे?’ असे एका तरुण सहकाऱ्याने विचारले. मला वाटते, वगळण्यामागे आपलाही हात आहे. तीच स्लाइड दोघांनी पाहून दोन उत्तरे दिली, तर त्या उत्तरावर स्टेज कोण उभारील?

त्वचेबद्दल एकच: त्वचेतल्या लसीकावाहिन्यांमधले पुंजके वेगळे नोंदवा, पण तेवढ्यावरून टी४डी लिहू नका. इन्फ्लमेटरी कार्सिनोमाचे निदान लाल, सुजलेला स्तन पाहणाऱ्या डॉक्टरांचे असते.

आमच्या लॅबमध्ये आता ‘दिसले नाही’ या शब्दांपुढे गाठीच्या कडेचे किती ब्लॉक पाहिले तो आकडा लिहितो. पहिल्याच आठवड्यात तीन रिपोर्ट सहीआधी परत ग्रॉसिंगच्या टेबलावर गेले.