मांत्रिकाला तोफेचे नियम लावा

१/५
'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या टेबलावरच्या भूमिकाखेळांविषयी एक जुनी तक्रार आहे: मांत्रिक एका मंत्रात शत्रूची फळी जाळतो आणि तलवारबाज पाहत राहतो. मग मंत्राची धार बोथट केली जाते. हा उपाय चुकीचा आहे.

२/५
या मांत्रिकाचे मूळ तोफखान्यात आहे. १९७१च्या 'चेनमेल' या युद्धखेळात त्याच्या विजेचा तडाखा जड मैदानी तोफेइतक्या क्षेत्रावर बसे. १९७४चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' याच परंपरेतला.

३/५
तोफेच्या मर्यादा निजामशाही अहमदनगरला ठाऊक होत्या. 'मलिक-ए-मैदान' १५४९मध्ये तिथेच ओतली गेली. मात्र ओढणारी जनावरे, दारूगोळा, कोरडी वाट आणि राखणदार यांवाचून अशी तोफ म्हणजे निव्वळ धातू.

४/५
१६२४मध्ये नगरजवळच्या भातवडीला मलिक अंबरने तलावाचा बांध फोडला. मोगल-आदिलशाही फौज चिखलात रुतली आणि निजामशाही स्वारांपुढे हरली. त्या स्वारांत शहाजीराजे होते. शत्रूचे बळ घटले नव्हते. ते वापरण्याची संधी हिरावली गेली होती.

५/५
खेळ रचणाऱ्यांनीही हेच करावे. मंत्र प्रखरच असू द्यावा. त्याला वेळ, सामग्री आणि सोबत्यांचे संरक्षण लागावे. मग तलवारबाज शोभेचा उरणार नाही.