गिरणीच्या इतिहासात आपले विणकर कुठे आहेत?

"तुम्ही लोक मुंबईत कधी आलात?" मीरा रोड स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत एकाने मला विचारले. मी मराठीतच म्हणालो, "गिरणीचा भोंगा वाजला तेव्हा." त्याला पटले नाही. पण मला राग आला तो आपल्याच लोकांचा. हे आपण कधी सांगतच नाही, तर त्याला कळणार कसे?

शाळेत मुले पाठ करतात: कावसजी दावर, १८५४, पहिली कापड गिरणी. मग अमेरिकेतले यादवी युद्ध येते. १८६१ ला तिथला कापूस अडला, लँकेशायरने आपल्या कापसाकडे धाव घेतली, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ ला युद्ध संपताच सट्टा कोसळला. या गोष्टीत प्रेमचंद रायचंद असतात. अमेरिकेत तो कापूस वेचणारे गुलाम नसतात. इथे माग चालवणारेही नसतात.

१८५७ नंतरच्या दशकांत उत्तरेतले मोमीन विणकर मुंबईत आले, मदनपुऱ्यात राहिले. हातमाग बुडाला होता, हातातले कसब शिल्लक होते. त्यातले कित्येक गिरणीच्या साचेखात्यात लागले. आमचे दादाजान त्याच खात्यातले. कोकणातला, घाटावरचा कामगार शेजारच्या साच्यावर असे. गिरणगाव दोघांचे होते.

पण नुसता अभिमान नको. साचेखात्यात पगार जास्त, आणि तिथे दलित कामगाराला शिरू देत नसत. कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. त्या खात्यात आपलेही विणकर होते. मसावातच्या गोष्टी सांगणाऱ्या आपण विचारले पाहिजे, की ते त्या दिवशी कुणाच्या बाजूने उभे होते?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या नियमाने जमिनीचे तीन वाटे ठरले: पालिका, म्हाडा, मालक. २००१ च्या बदलाने पहिले दोन वाटे आक्रसले आणि २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. टॉवर उभे राहिले. लालबागचा आणि मदनपुऱ्याचा माणूस लोकलने भाईंदर, नालासोपाऱ्याकडे सरकला. आता तेच दोघे इथे एकमेकांना विचारतात, तू कधी आलास?

आपल्या जलशांत ताजमहाल येतो, लाल किल्ला येतो. दादाजानचा साचा येत नाही. बादशहा आपले नातेवाईक नव्हते, विणकर होते. या रविवारी घरातल्या बुजुर्गांना विचारा: कोणती गिरणी, कोणते खाते, किती पगार, संपात काय झाले. वहीत उतरवा, आणि मराठीत उतरवा, म्हणजे रिक्षाच्या रांगेतल्या त्या माणसालाही वाचता येईल.