घामाचा व्हिसा, दामाचा व्हिसा

जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एक बातमी देशभर फिरली. संयुक्त अरब अमिरात भारतीयांना एक लाख दिरहममध्ये, म्हणजे सुमारे २३ लाख रुपयांत, आयुष्यभराचा गोल्डन व्हिसा देणार! ८ जुलैला तिथल्या सरकारी प्राधिकरणाने स्पष्ट केले की अशी कोणतीही योजना नाही. पाठोपाठ, ज्या खाजगी कंपनीच्या हवाल्याने बातमी आली होती तिने माफीही मागितली. पण बातमी जितक्या मोबाइलवर पोहोचली तितक्यांवर खुलासा पोहोचला नाही. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी इथल्या घरांसाठी २३ लाख ही मोठी रक्कम आहे, पण शेताचा तुकडा आणि घरातले दागिने विकून ती उभी राहू शकते. म्हणूनच हा विषय श्रीमंतांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आधी खरी योजना पाहू. अमिरातीने २०१९ मध्ये गोल्डन व्हिसा सुरू केला. आज किमान २० लाख दिरहमची मालमत्ता घेणाऱ्याला तो दहा वर्षांसाठी मिळतो. रुपयांत हा आकडा साडेचार कोटींच्या पुढे जातो. डॉक्टर, इंजिनियर यांच्यासाठीही वाट आहे, पण पदवी आणि पगाराच्या अटींवर. आयुष्यभराचा असा तो व्हिसा नाहीच. मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते.

जगभर असे व्हिसे कोण घेतो, हे पाहिले तर त्या-त्या देशातल्या लोकांच्या मनातली भीती कळते. अमेरिकेच्या ईबी-५ व्हिशात २०१४ मध्ये ८० टक्क्यांहून अधिक वाटा चिनी नागरिकांचा होता. नंतर व्हिएतनामी आणि भारतीय पुढे आले. ग्रीसमध्येही चिनी सर्वांत पुढे. तुर्कस्तानात घर घेऊन नागरिकत्व मिळवणाऱ्यांत इराणी, इराकी आणि रशियन ठळक दिसतात. अलीकडे पोर्तुगालच्या रांगेत खुद्द अमेरिकन येऊन उभे राहिले. कुणाला सरकारची भीती, कुणाला युद्धाची, कुणाला चलन कोसळण्याची. माझ्या क्षेत्रातल्या भारतीयांना भीती आहे ती नोकरी जाण्याची आणि ग्रीन कार्डच्या न संपणाऱ्या रांगेची. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले आणि त्याच दिवशी दहा लाख डॉलरचे 'गोल्ड कार्ड' जाहीर केले. संदेश सरळ होता.

या व्यवहारात माणसाची हुशारी नंतर येते, पासपोर्ट आधी. अमेरिकेचा ई-२ हा व्यापारी व्हिसा फक्त करार असलेल्या देशांच्या नागरिकांना मिळतो. पाकिस्तान आणि बांगलादेश त्या यादीत आहेत, भारत आणि चीन नाहीत. म्हणून काही श्रीमंत भारतीय ग्रेनाडासारख्या छोट्या बेटाचे नागरिकत्व विकत घेऊन त्या दाराने जात. २०२२ च्या शेवटी अमेरिकेने त्यालाही अट घातली: नागरिकत्व पैशाने घेतले असेल तर आधी तीन वर्षे त्या देशात राहून दाखवा. अल्लाहची जमीन विशाल आहे असे आपण मानतो. माणसाने तिच्यावर कुंपणे घातली आणि आता फाटकांचे दर लावले आहेत.

पण हे दर लावणारेच आता मागे फिरत आहेत. ब्रिटनने २० लाख पौंडांचा गुंतवणूकदार व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केला. पैसा कुठून येतो याची खात्री देता येत नव्हती. आयर्लंडने २०२३ मध्ये योजना गुंडाळली. पोर्तुगालने त्याच वर्षी घरखरेदीचा मार्ग काढून टाकला. स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये हा व्हिसाच संपवला, कारण शहरांत घरे इतकी महागली की स्थानिक तरुणांना भाडेही परवडेना. घराच्या बदल्यात व्हिसा दिला की पैसा भिंतींत अडकतो आणि शेजाऱ्याचे भाडे वाढते.

आपल्या देशानेही असे एक दार उघडले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१६ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांसाठी कायम निवासाची योजना मंजूर केली. १८ महिन्यांत १० कोटी किंवा ३६ महिन्यांत २५ कोटी रुपये गुंतवा आणि दरवर्षी किमान २० भारतीयांना रोजगार द्या, अशी तिची अट. पाकिस्तानी नागरिक आणि पाकिस्तानी मूळ असलेले इतर देशांचे नागरिक यांना ती लागू नाही. रोजगाराची अट मला योग्य वाटते. वर्ध्याला परदेशी पैसा नवा नाही. हिंगणघाटच्या कापसाला एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात नावाने भाव होता. आज भूगावचा पोलाद कारखाना लंडनच्या निथिया कॅपिटलच्या भागीदारीत चालतो. कापूस पिकवणाऱ्याच्या हातात तेव्हा काय उरले आणि कारखान्याच्या फाटकावर आज किती स्थानिक हातांना काम आहे, हा प्रश्न आपण प्रत्येक गुंतवणुकीला विचारला पाहिजे, मालक कोणत्याही देशाचा वा धर्माचा असो.

आता रांगेचे दुसरे टोक. आपल्या वस्तीतला जो तरुण दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद असते. आखाती देशांसह १८ देशांत कामाला जाण्यासाठी त्याला सरकारची परवानगी लागते. ही तरतूद त्याच्या संरक्षणासाठी आहे, पण ती टाळून त्याला टुरिस्ट व्हिशावर पाठवणारे दलाल गावोगावी आहेत. तिकडे सौदी अरबने २०१९ पासून 'प्रीमियम रेसिडेन्सी' दिली आहे: वर्षाला एक लाख रियाल भरा किंवा एकदाच आठ लाख, मग कफीलची गरज नाही. म्हणजे ज्या देशात गवंडी आणि ड्रायव्हर कफीलशिवाय पाऊल उचलू शकत नव्हते, त्याच देशात पैसेवाल्याला तो जाच नाही. घामाने शहर उभे करणाऱ्याला करार संपताच परत पाठवायचे आणि त्या शहरात फ्लॅट घेणाऱ्याला दहा वर्षे राहू द्यायचे, हा न्याय नव्हे. हा प्रश्न मुस्लिम देशांनाही तितक्याच स्पष्टपणे विचारला पाहिजे.

म्हणून काही गोष्टी आपल्या हातात आहेत त्या करू. नोंदणीकृत भरती एजंटला कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी, इतकेच सेवाशुल्क घेता येते. त्याहून अधिक मागणाऱ्याला पावती मागा आणि त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. व्हिशाची कोणतीही बातमी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर वाचल्याशिवाय एक रुपया देऊ नका. कुरआनची सूरह बकरा देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगते. पासपोर्ट आणि पैसे एजंटच्या हाती देताना ही शिकवण आपण विसरतो. प्रत्येक तालुक्यात, मशिदीच्या कार्यालयात किंवा वाचनालयात, आठवड्यातून एक तास कागदपत्रे तपासून देणारे दोन सुशिक्षित तरुण बसले तरी पुष्कळ शेते वाचतील. त्याहून मोठे काम म्हणजे मुलगा दहावीपूर्वी शाळा सोडणार नाही हे पाहणे. गोल्डन व्हिसा आपल्यापैकी फारच थोड्यांच्या नशिबी असेल. दहावीची मार्कशीट मात्र जवळजवळ प्रत्येक घरात येऊ शकते आणि परदेशी जाणाऱ्या गरीब मुलाच्या पासपोर्टवरचा ईसीआरचा शिक्का तिनेच निघतो.